वाचकांचे प्रश्न : घरात वेगळा स्वयंपाक नको, ताटातलं माप बदला

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत दिसली. व्यायाम सुरू होतो, खाणं 'डाएटचं' होतं, घरातले बाकीचे नेहमीसारखं जेवत राहतात आणि दोन-तीन महिन्यांत सगळं पूर्वपदावर येतं. आमच्या आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट सहकाऱ्यांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत. पहिलं पत्र सविस्तर घेतलं आहे, कारण त्यात अनेकांचा दिनक्रम सापडेल.

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे, कोथरूडला राहते, नोकरी करते. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, कंबर ९२ सेंटिमीटर. चार महिने रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर ४५ मिनिटं चालते. पहिल्या दीड महिन्यात दोन किलो उतरलं, मग काटा हललाच नाही. सकाळी चहा आणि दोन खाऱ्या, नऊला पोहे किंवा उपमा, डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, पाचला चहाबरोबर बाकरवडी किंवा फरसाण. रात्री आठला माझ्यापुरतं सूप आणि सॅलड. साडेनऊला घरच्यांसाठी पोळी-भाजी, वरण-भात. साडेदहाला मला कडकडून भूक लागते आणि मग उरलेला भात नाहीतर लाडू खाल्ला जातो. सासूबाईंना मधुमेह आहे, मुलगा १३ वर्षांचा. दोन-दोन स्वयंपाक करून थकले आहे. काय चुकतंय?

तुमची चिकाटी कमी पडलेली नाही. चार महिने रोज टेकडी चढणं सोपं नाही. चुकलंय ते माप, आणि रात्रीचं सूप.

आधी चालण्याचा हिशोब बघू. ६६ किलोच्या व्यक्तीने मध्यम वेगाने ४५ मिनिटं चाललं की साधारण १७० उष्मांक खर्च होतात. त्या वेळात नुसतं बसून राहिलं तरी काही खर्च झालेच असते. ते वजा केले की हातात १२०-१३० उरतात. दोन खाऱ्या आणि दोन चमचे साखरेचा चहा यांत ते भरून निघतात. ५० ग्रॅम बाकरवडीत अडीचशेच्या आसपास उष्मांक असतात. म्हणजे चालणं वाया जातंय असं अजिबात नाही. हृदय, रक्तदाब, साखर, झोप या सगळ्यांसाठी ते चालूच ठेवा. वजन मात्र एकट्या चालण्याने उतरत नाही. पहिल्या दीड महिन्यात उतरलेल्या दोन किलोंत बराच भाग पाण्याचा असतो. त्यामुळे नंतरचा काटा अडकल्यासारखा वाटतो.

आता प्रथिनांचं बघा, खरी गडबड इथेच आहे. तुम्ही लिहिलेल्या दिवसाची बेरीज केली तर तीन पोळ्यांतून १० ग्रॅम, पोह्यांतून ४-५, चहातल्या दुधातून ६, बाकरवडीतून ४, भाज्यांतून ३, सूप-सॅलडमधून ३ आणि रात्रीच्या भातातून ४ ग्रॅम मिळतात. सगळं मिळून ३५ ग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्यासाठी ते ५५ ग्रॅम झाले. रोज २० ग्रॅमची तूट घेऊन वजन उतरवायला गेलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वर भूकही भागत नाही. साडेदहाचा लाडू हा मनाचा कमकुवतपणा नाही. दिवसभर राहिलेली भूक तेव्हा वर येते.

स्नायूंवर आम्ही इतका भर देतो याला पुण्यातलाच आधार आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे अंगकाठी बारीक असूनही पोटाशी चरबी आणि स्नायू कमी, असं शरीर सर्रास आढळतं. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची रेषा २३ वर धरतात, आणि कंबरेची मर्यादा स्त्रियांसाठी ८० व पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर. तुमचा बीएमआय २७ आहे, पण आम्ही लक्ष ठेवू ते ९२ च्या आकड्यावर. काटा हलला नाही आणि कंबर दोन सेंटिमीटरने उतरली, तर काम नीट चाललं आहे असं समजा.

माप घ्यायची पद्धत एकच ठेवा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप, कपड्यावरून नाही, सहज श्वास सोडल्यावर. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं आणि काटा एक-दीड किलो वर दिसू शकतो. त्या आकड्यावरून काहीच ठरवू नका.

आता स्वयंपाक. वेगळं सूप, वेगळं सॅलड आजपासून बंद करा. घरात एकच स्वयंपाक होऊ दे आणि तो सगळ्यांना चालेल असा करा. फरक पडेल तो कोणाच्या ताटात काय किती वाढलं यात.

पोह्यांऐवजी आठवड्यातून तीन दिवस मुगाची धिरडी करा. चौघांना १६० ग्रॅम हिरवे मूग रात्री भिजत घालायचे. सकाळी आलं, मिरची, जिरं, कोथिंबीर घालून वाटायचे. कुरकुरीत हवी असतील तर दोन चमचे तांदळाचं पीठ घाला. पीठ आंबवायचं नाही. रात्रीच वाटून बाहेर ठेवलं तर सकाळी आंबूस वास येतो, तेव्हा मूग भिजवून ठेवा आणि वाटण सकाळीच करा. धिरडं पसरताना पीठ डावाला चिकटून गोळा होत असेल तर तवा फार तापला आहे. पाण्याचा हबका मारून पुसून घ्या, मग पीठ घाला. दोन धिरड्यांना मिळून एक छोटा चमचा तेल पुरतं, पहिल्या बाजूला झाकण ठेवलं तर. माणशी ९-१० ग्रॅम प्रथिनं होतात, पोह्यांच्या दुप्पट. पोहे सोडायची गरज नाही. ज्या दिवशी पोहे, त्या दिवशी बरोबर एक वाटी दही किंवा एक अंडं घ्या.

डब्यात दोन पोळ्या, मटकीची कोरडी उसळ आणि दही. चौघांना १२० ग्रॅम कोरडी मटकी धरा. आठ तास भिजवून पाणी पूर्ण निथळायचं आणि फडक्यात सैल बांधायचं. उन्हाळ्यात १२ तासांत मोड येतात, पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पूर्ण दिवस लागतो. तेव्हा फडकं बंद ओव्हनमध्ये किंवा तांदळाच्या डब्याशेजारी, उबेला ठेवा. मटकी बुळबुळीत होऊन वास येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, पाणी नीट निथळलेलं नसतं. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. म्हणजे रविवारी आणि बुधवारी भिजवली की आठवडा निघतो.

पाचला बाकरवडीऐवजी ३० ग्रॅम, म्हणजे मुठभर फुटाणे. बाकरवडी रविवारी सगळ्यांनी मिळून खा, दोन-दोन. पुण्यात राहून ती कायमची बंद करा असं सांगणं कोणालाच पाळता येणार नाही. बशीत काढून घ्यायची आणि पुडा आत ठेवून द्यायचा, एवढं पाळा. पुड्यातून खाताना माप राहत नाही.

रात्री सगळ्यांबरोबर जेवा. साडेनऊचं जेवण साडेआठवर आणता आलं तर उत्तम, नाही तर नऊ. वरण मात्र घट्ट हवं. चौघांच्या पातळ वरणाला बऱ्याच घरांत ६० ग्रॅम तूरडाळ पडते, ती १२० करा. तुमच्या ताटात घट्ट वरणाची मोठी वाटी, एक भाकरी, भाजी दुप्पट आणि कोशिंबीर. भात एक मूद. मुलाच्या ताटात हेच सगळं, पण पोळ्या त्याला हव्या तितक्या, भातावर तूप आणि रात्री दूध. १३ वर्षांच्या मुलाला 'डाएट' या शब्दाशी ओळखही नको. त्याचं वाढीचं वय आहे. या बदलाने तुमची बेरीज ५५ ग्रॅमच्या जवळ जाते, आणि त्यासाठी बाजारातून एकही नवी वस्तू आणावी लागत नाही.

भाकरीबद्दल एक गैरसमज काढू. ज्वारीची भाकरी वजन कमी करते असं नाही. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि ६० ग्रॅम कणकेत उष्मांक जवळजवळ सारखेच. भाकरीला तेल लागत नाही, तंतू जास्त मिळतात, ती चावून खावी लागते आणि एका भाकरीत पोट भरतं. फायदा आहे तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे. घरी कोणाला भाकरी आवडत नसेल तर त्यावरून रोज वाद घालू नका.

भाजीच्या बाबतीत बहुतेक घरं फसतात. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाजी खावी, असं राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका सांगते. चौघांची दीड किलोच्या वर झाली. अर्धा किलो भेंडी परतली की चौघांच्या वाट्याला सव्वाशे ग्रॅमही येत नाही, शिजून ती आणखी आकसते. दोन्ही वेळच्या भाज्यांना मिळून एक किलो घ्या, उरलेलं काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो यांच्या कोशिंबिरीतून पुरं करा. एकदम जमणार नाही. या महिन्यात नेहमीच्या भाजीत पाव किलो वाढवा. मंडईतून आठवड्याची भाजी आणत असाल तर पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवा. दुधी, दोडका, फ्लॉवर मधल्या दिवसांत, गाजर-बीट-कोबी शेवटी.

तेल मोजायची सोपी युक्ती म्हणजे पाच लिटरचा डबा फोडला की त्यावर तारीख लिहायची. माणशी महिना अर्धा लिटर धरलं तर चौघांना तो अडीच महिने पुरला पाहिजे. दीड महिन्यात संपत असेल तर दुप्पट नाही, पण बरंच जास्त तेल पोटात जातंय. कमी तेलात भाजी करपते अशी तक्रार असते. कढई आधी चांगली तापवा, मग तेल, मोहरी, हिंग, भाजी. मीठ सुरुवातीलाच घाला म्हणजे भाजीला पाणी सुटतं. वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घाला. झाकण गार राहतं, आतली वाफ त्याला लागून परत भाजीत पडते. आपल्या आज्यांची ही पद्धत आहे आणि कमी तेलाच्या स्वयंपाकाला याहून चांगली दुसरी सापडणार नाही. आमटीची फोडणी पसरट कढईत न करता छोट्या कढल्यात करा. दोन चमचे तेलातही मोहरी बुडते आणि नीट तडतडते.

सासूबाईंबद्दल एक गोष्ट काळजीपूर्वक वाचा. त्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील आणि तुम्ही घरातला भात एकदम कमी केलात, तर त्यांची साखर खाली जाऊ शकते. ताट बदलण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा आणि पहिले दोन आठवडे घरी साखर तपासत राहा. घाम फुटणं, हात थरथरणं, एकदम गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली आणि साखर ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तेवढ्याने वर आली नाही तर पुन्हा तेवढीच द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

शेवटी व्यायाम. टेकडी पाच दिवस ठेवा, दोन दिवस तोच वेळ घरी ताकदीच्या व्यायामाला द्या. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. हा दुसरा भागच बहुतेक जण गाळतात. साधनं नकोत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा. भिंतीपासून दीड हात लांब उभं राहून भिंतीवर दंड, १० वेळा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, १० वेळा. एकेक लिटरच्या भरलेल्या बाटल्या घेऊन वाकून कोपर मागे ओढणं, १० वेळा. मिनिटभर थांबून हाच फेरा आणखी एकदा. वीस मिनिटांत होतं. उठताना गुडघे आत वळतात का ते आरशात बघा, ते पायाच्या बोटांच्या रेषेत हवेत. जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडून धरला की रक्तदाब चढतो. सलग दोन वेळा १२ उठबशा सहज झाल्या की छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरून करा. वजन वाढवत नेलं नाही तर सहा आठवड्यांत शरीराला त्याची सवय होते आणि फायदा थांबतो.

तीन महिन्यांनी कंबर तीन सेंटिमीटरनेही उतरली नाही, किंवा खूप थकवा असेल, तर थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) या तपासण्या करून घ्या. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ ची आजच करा.

प्रश्न : वय ५८. रोज पर्वती चढतो. महिनाभर उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं. चढताना काही नाही. बंद करू का?

काही काळ उतरणं बंद करा, हालचाल नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत-लांबत ब्रेक लावत असतो आणि वाटी हाडावर दाबली जाते. चढताना त्रास नाही आणि उतरताना आहे, हे या दुखण्याचं नेहमीचं रूप आहे. स्नायू कमी पडतोय असा त्याचा अर्थ, गुडघा झिजला असाच नव्हे.

तीन आठवडे सारसबागेत सपाटीवर चाला. रोज सकाळ-संध्याकाळ पाठीवर झोपून एक पाय वाकवा, दुसरा सरळ ताठ ठेवून वीतभर उचला, पाच सेकंद धरा, १० वेळा. मग उंच खुर्चीवरून उठबस, १० वेळा. खुर्ची बुटकी असेल तर उशी ठेवा. पार्श्वभागाच्या कडेच्या स्नायूसाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचला, १२ वेळा. व्यायाम करताना सौम्य दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखत असेल तर संख्या निम्मी करा. चौथ्या आठवड्यात पर्वतीवर परत जा, अर्ध्यावरून उतरा. उतरताना कठडा धरा, छोटी पावलं टाका. पायरी रुंद असेल तर दोन्ही पाय एका पायरीवर आणून मग पुढची. पावसाळ्यात दगड शेवाळतात, तेव्हा सपाटीच बरी.

गुडघा सुजला, मध्येच अडकला, पाय लटपटून सुटला किंवा रात्री झोपेत दुखलं तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि चढताना छातीत जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप यांपैकी काही जाणवलं तर तिथेच बसा आणि मदत मागा. त्याच दिवशी हृदयाची तपासणी करून घ्या, उद्यावर टाकू नका.

प्रश्न : सोमवार, संकष्टी, दोन एकादश्या आणि चातुर्मास. आमच्या घरी आठवड्याला एक-दोन उपवास असतात. साबुदाण्याची खिचडी खाऊन उलट वजन वाढतंय. उपवास सोडायचे नाहीत.

सोडूही नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० उष्मांक आणि प्रथिनं नावालाही नाहीत. एका ताटलीला ७०-८० ग्रॅम साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा आणि दोन चमचे तूप धरलं की सहज ५००-६०० उष्मांक होतात. तीन तासांत पुन्हा भूक लागते, मग वेफर्स आणि चिक्की येते.

एका वेळेला भगर आणि दाण्याची आमटी करा. माणशी ४० ग्रॅम भगर, तिच्या तिप्पट पाणी. आमटीला माणशी २५ ग्रॅम दाणे, ताक घालून पातळ करा. बरोबर काकडीची दह्यातली कोशिंबीर. दुसऱ्या वेळेला राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात. पीठ चिकट नसल्याने भाकरी तुटते, म्हणून उकडलेलं रताळं किंवा बटाटा कुस्करून त्यात मळा आणि प्लॅस्टिकच्या कागदावर थापा. दिवसभरात दोन ग्लास ताक, एक फळ. खिचडी आवडत असेल तर ती महिन्यातून दोनदा, ४० ग्रॅम साबुदाण्याची, वाटीभर दह्याबरोबर.

भगर घेताना जपा. जुनं, दमट जागी राहिलेलं भगरीचं पीठ बुरशी धरतं आणि त्यातून उलट्या, चक्कर, थरथर असा त्रास होतो. दर सणावाराला अशा बातम्या येतातच. सुटं पीठ घेऊ नका. बंद पाकिटातली अख्खी भगर तारीख बघून आणा, निवडून तीनदा धुवा, पीठ हवं तेव्हा घरीच दळा, आणि शिजवलेली भगर दुसऱ्या वेळेला ठेवू नका.

मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशीचा डोस स्वतःच्या मनाने कमी करू नये. डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, वजन ५८ किलो. जिममध्ये त्याला प्रोटीन पावडरचा मोठा डबा घ्यायला सांगितलंय. घ्यावा का?

व्यायाम करणाऱ्या या वयाच्या मुलाला दिवसाला ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं पुरतात. अर्धा लिटर दुधातून १६, दोन अंड्यांतून १२, दोन्ही वेळच्या मिळून ६० ग्रॅम डाळीतून १३, सहा पोळ्यांतून २०, वाटीभर दह्यातून ५ आणि ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून १५ ग्रॅम मिळतात. ८१ झाले, डबा न घेता. अंडी चालत नसतील तर ७० ग्रॅम पनीर घ्या. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोनदा पिळून टाका, मग त्यांचा उग्र वास जातो आणि मुलं रश्शात आवडीने खातात.

पावडर म्हणजे विष नाही. चांगली व्हे पावडर म्हणजे दुधातलंच प्रथिन. पण 'मास गेनर' लिहिलेल्या डब्यांत बऱ्याचदा साखर आणि पिष्टच जास्त असतं. लेबल नसलेली, सुटी दिलेली किंवा 'लवकर बॉडी बनते' म्हणून पुढे केलेली पावडर, गोळी किंवा इंजेक्शन घरात येऊ देऊ नका. मुलाशी यावर शांतपणे बोला. रागावलात तर तो लपवून घेईल आणि तो धोका मोठा आहे.

त्याला खरी गरज आहे ती झोपेची. या वयात आठ ते दहा तास. क्लास, जिम आणि मोबाईल सांभाळून तो सहा तास झोपत असेल तर कुठलीच पावडर उपयोगाची नाही.

प्रश्न : हिंजवडीहून घरी यायला दहा वाजतात. जेवायला साडेदहा. काय करावं?

जेवण दोन भागांत विभागा. साडेसहा-सातला ऑफिसातच दुसरा डबा खा. दोन थालीपिठं आणि दही, किंवा एक भाकरी आणि घट्ट पिठलं. घरी आल्यावर एक वाटी भाजी-वरण, किंवा मुगाचं कढण. कुटुंबाबरोबर ताटावर बसा, फक्त वाढून कमी घ्या. दुसरा डबा संध्याकाळपर्यंत टिकायला कोरडा हवा. ओली उसळ किंवा नारळ घातलेली भाजी उन्हाळ्यात सहाच्या आत आंबते.

प्रश्न : पावसाळ्यात चालणं बंद पडतं. सकाळचं चालणं बरं की संध्याकाळचं?

जी वेळ वर्षभर पाळता येईल ती बरी. सिंहगड रस्ता किंवा कर्वे रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्याच्या कडेने चालत असाल तर मात्र वाहनं वाढायच्या आत उरका, नाहीतर आतल्या गल्ल्या धरा. पावसात घरातल्या घरात तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं शतपावली करा. जेवल्यावरची साखर त्याने कमी चढते, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांना ती सलग अर्ध्या तासापेक्षाही सोयीची पडते. वेग असा ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. इमारतीचा जिना वापरायचा असेल तर आधी ओला नाही ना ते बघा, चपलेऐवजी बूट घाला, आणि गुडघे दुखत असतील तर चढून जा आणि लिफ्टने खाली या.